मामांचं नाव यादीत

गेल्या पावसाळ्यात वागळे इस्टेटमधला गाळा बंद केला. पावडर कोटिंगचं जॉबवर्क होतं आपलं, एका मोठ्या पार्टीने चौदा महिने पेमेंट लटकवलं, ते भोक बुजवायला पर्सनल लोन, मग क्रेडिट कार्ड, मग दुसरं क्रेडिट कार्ड, आणि शेवटी पावडरवाल्याला दिलेला चेक परत आला. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की आता वकील बघायला पाहिजे.

पण बघायचा कुठे? ठाण्यात घटस्फोट, भाडेकरार, नोटरी यांच्या पाट्या ढीगभर. दिवाळखोरीची पाटी मी तरी कुठे बघितली नाही, आणि असती तरी लोकांसमोर त्या दारात शिरायची हिंमत झाली असती का देव जाणे.

म्हणून आधी फोनवरच्या एका कर्जमुक्तीवाल्यांच्या नादी लागलो. बँकेचे हप्ते थांबवा, आमच्याकडे फी भरा, बाकी आमची लीगल टीम बघेल. वकिलाचं नाव काय, सनद (वकिलीचा परवाना) नंबर काय, हे विचारायचं असतं हे तेव्हा कुणाला माहीत. तीन महिने फी भरली, बँकेला एक पत्र गेलं आणि त्यात माझं आडनाव चुकलेलं. मग ओळखीतून एक वकीलसाहेब मिळाले फोर्टमधले, ते म्हणाले सगळं माफ करून देतो, जेवढं माफ होईल त्याचे दहा टक्के माझे. मला तर ऑफर झकास वाटली होती. नंतर कळलं की निकालावर टक्का ठरवून फी घेणं वकिलांना त्यांच्या बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही.

शेवटी जीएसटी बघणाऱ्या सीएने एका मॅडमचा नंबर दिला. कोर्टनाक्याजवळ पहिल्या मजल्यावर ऑफिस, जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने मागे जायचं. मी कागदांची पिशवी टेबलावर ओतली. मॅडमनी काही न बोलता तीन ढीग लावले, तारण असलेलं मशिनरीचं लोन एकीकडे, कार्ड आणि पर्सनल लोन दुसरीकडे, आणि तिसऱ्या ढिगात एकच कागद, चेक बाउन्सची नोटीस. विचारतात कशी, "याचं पाकीट कुठाय?" पाकीट मी फेकलेलं. नोटीस हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर समोरचा चेक बाउन्सच्या कलम १३८ खाली कोर्टात जाऊ शकतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून हातात कधी पडली ते महत्त्वाचं. पोस्टाच्या ट्रॅकिंगवर तारीख मिळाली, नववा दिवस चालू होता. दिवाळखोरीचं राहू दे, आधी हे मिटवा म्हणाल्या, कारण नादार, म्हणजे कोर्टाने ठरवलेले दिवाळखोर, झालात तरी ही फौजदारी केस काही सुटत नाही. बायकोची एफडी मोडून तेवढं मिटवलं.

आता कायद्याची गंमत ऐका. मला वाटायचं २०१६ चा नवीन दिवाळखोरीचा कायदा आलाय तर तोच लागणार. तर नाही. त्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झालाय तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या लोकांसाठी. माझ्यासारख्या प्रोप्रायटरला, म्हणजे एकट्याच्या नावावर धंदा करणाऱ्याला, ठाण्यात अजून १९२० चा ब्रिटिशांचा कायदा लागतो, आणि चेकनाका ओलांडून मुंबईत गेलं की १९०९ चा. त्या १९२० च्या कायद्यात नादारीचा अर्ज करायला कर्ज किमान किती हवं, तर पाचशे रुपये! आणि एकदा नादार ठरलात की डिस्चार्ज, म्हणजे कोर्टाकडून सुटका, मिळेपर्यंत पन्नास रुपयांची उधारीसुद्धा समोरच्याला आपण नादार आहोत हे न सांगता घेतली तर गुन्हा. म्हणजे मिसळ उधार खायची तर हॉटेलवाल्याला आधी स्टेटस सांगायचं. मी हसलो, मॅडम नाही हसल्या.

मग मी माझे शहाणपणाचे प्रश्न काढले, जे टपरीवर प्रत्येक जण सांगतो. एक, कळव्याची रूम आत्ताच बायकोच्या नावावर गिफ्ट डीड करू का. दोन, चिपळूणच्या मामांचे पैसे गुपचूप आधी देऊन मग अर्ज करू का. दोन्हीला नाही. अशी फुकटात दिलेली मालमत्ता दोन वर्षं मागे जाऊन रद्द होऊ शकते, आणि अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत बाकीच्यांना डावलून एकालाच पैसे दिले तर तेही. वर म्हणाल्या, "हे करणार असाल तर वकीलपत्र दुसऱ्या कुणाला द्या." खरं सांगू, मला त्यांच्यावर विश्वास बसला तो इथे. आधीचे दोघे सगळ्याला हो म्हणत होते.

आणि एक विचारलं जे आधी कुणीच विचारलं नव्हतं, तुमचं येणं किती आहे? मी देण्यातच इतका बुडालेलो की त्या पार्टीकडचे अकरा लाख हिशोबातूनच काढून टाकलेले. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, होतंच माझं. लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या वर छोट्या युनिटचं पेमेंट लटकवता येत नाही, त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. अशा थकलेल्या पेमेंटसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज टाकलाय, त्याचं काय होतंय बघू. कार्डांपैकी एक सेटलमेंटला, म्हणजे थोडं कमी घेऊन मिटवायला, तयार आहे. सिबिलवर 'सेटल्ड' असा शिक्का बसणार म्हणे, बसू दे, पत्र लेखी हातात आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही हे मात्र मॅडमनी तीनदा सांगितलं.

नादारीचा अर्ज टाइप करून तयार ठेवलाय, बाकीचं नाही जमलं तर टाकायचा. त्यात प्रत्येक धनकोचं, म्हणजे ज्याचं देणं आहे त्याचं, नाव, पत्ता, रक्कम द्यावी लागते, एकही लपवायचा नाही. म्हणजे मामांच्या घरी कोर्टाची नोटीस जाणार. आठ दिवस मी मामांना फोन करायचा टाळला. मग एका रविवारी केला, सगळं सांगितलं, म्हणलं मामा नोटीस आली तर घाबरू नका, यादीत तुमचे दोन लाख टाकलेत.

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दोन नाही, दोन चाळीस. मशीन आणलंस तेव्हाचे चाळीस विसरलास तू."

सोमवारी मॅडमना फोन करून पान चार बदलून घेतलं.