सोलापूरचा प्रीमियम नि पुण्याचं बिल : आमच्या मेडिक्लेमचा अनुभव

आमच्या घरात पगार कधी आलाच नाही. ह्यांचं शाळेच्या युनिफॉर्मचं शिलाईकाम, खाली सहा मशीन, कटिंग अजून स्वतःच करतात, आणि माझं वरच्या मजल्यावर कडक भाकरी नि शेंगा चटणी. हे ५९, मी ५६. पीएफ नाही, ईएसआय नाही, ग्रुप पॉलिसी नाही, दुखलं-खुपलं की गल्ल्यातून काढायचे नि पुढच्या ऑर्डरीला भरून काढायचे, तीस वर्षं असंच चाललं आणि खरं सांगते, त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नाही.

२०२५ च्या जानेवारीत, गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून चालूच होता, आमच्या धाकट्या भाऊजींच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरनी सांगितलं पुण्याला न्या. नेलं, ऑपरेशन झालं, माणूस वाचला, आता गाडी चालवतात. त्यांचा पाच लाखाचा मेडिक्लेम होता म्हणून आम्ही सगळे निवांत, आणि डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरच्या पोरीनं कागद पुढं सरकवला, सव्वा लाख भरा. जाऊबाई माझ्याकडं बघायल्या, मी कागदाकडं. शेवटी त्यांच्या पाटल्या गहाण ठेवल्या.

तो कागद मी घरी आणून तीनदा वाचला. दोन गोष्टी होत्या. एक, पॉलिसी घेताना गाव सोलापूर लिहिलेलं, म्हणून प्रीमियम स्वस्त झोनचा. उपचार पुण्यात घेतले म्हणजे महागाच्या झोनमध्ये, तर बिलाचे २० टक्के तुमचे. दुसरं, खोलीचं भाडं विम्याच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये दिवसाला, आणि भाऊजींना मिळालेली खोली त्याच्या वरची. मला वाटलं वरचे दोन-तीन हजार गुणिले दिवस इतकंच जाईल. तसं नसतंय ओ. खोली जितक्या पटीनं महाग तितक्या पटीनं डॉक्टरची फी, ओटीचा चार्ज सगळं कापतात. औषधं आणि स्टेंटसारख्या वस्तू त्यातून सुटतात तेवढंच. आता मला सांगा, सोलापूरचा माणूस हार्टचं नाहीतर कॅन्सरचं मोठं काही निघालं की पुणे नाहीतर हैदराबादच गाठतो ना? मग स्वस्त झोन घेऊन उपयोग काय, सर्दी-पडशाला?

तिथून मी डोक्यात घेतलं. हे म्हणाले, "ऐक की, एवढे पैसे भरून आजारीच नाही पडलो तर?" म्हणलं मग तर चांगलंच की ओ.

पहिल्यांदा बोलावलं ते गल्लीतल्याच पोराला, एजन्सी करतो, लहानपणी आमच्याच ओट्यावर खेळलेला. मोठ्या प्रायव्हेट कंपनीचं दहा लाखाचं कोटेशन दिलं ६८,००० रुपयांचं. हे उठून खाली कटिंगला गेले. मग पाच लाखाचं काढलं नि टॅबवर फॉर्म भरायला बसला, मी चहा टाकून आले तोवर सगळे प्रश्न संपलेले. म्हणलं दाखव रे. डायबिटीस नो, बीपी नो, थायरॉइड नो, सगळीकडे नोच नो. ह्यांना आठ वर्षं शुगर, मला बीपीची गोळी, रोज रात्री दोघं डबा उघडून घेतो! तो म्हणाला, "काकू, खरं लिहिलं तर प्रीमियम वाढतंय नाहीतर रिजेक्ट होतंय, आणि पाच वर्षं काढली की कंपनी काही विचारू शकत नाही." पाच वर्षांचं त्याचं खरं होतं, आधी आठ होती, २०२४ मध्ये इर्डानं, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, पाच केली. पण त्याच नियमात फसवणूक सिद्ध झाली तर सूट नाही असंही लिहिलंय, ते तो बोलला नाही. मी चटणीच्या पाकिटावर तारीख खोटी टाकत नाही, आणि इथं तर सही आमची. फॉर्म पुसायला लावला. पोरगं जरा नाराज झालं, होऊ दे.

खरं लिहून पाठवलं तर तपासणी आली. सकाळी सात वाजता लॅबवाला दारात, उपाशीपोटी रक्त द्यायचं, आणि हे तोपर्यंत कोपऱ्यावरच्या टपरीवर साखर घातलेला चहा ढोसून आलेले. परत दुसऱ्या दिवशी. ह्यांचा तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा ८.४ आला आणि कंपनीनं ह्यांना नकार दिला, मला एकटीला द्यायला तयार. पैसे परत आले, पण पुढच्या प्रत्येक फॉर्मवर "आधी कुठं नकार मिळालाय का" हा प्रश्न असतो, तिथं हो लिहावं लागतं. म्हणून एकदम पाच ठिकाणी अर्ज टाकायच्या भानगडीत पडू नये, आधी विचारून घ्यावं की शुगरवाल्याला घेता का, किती आकड्यापर्यंत घेता.

मधल्या काळात मला वाईट हे वाटलं की सासूबाई ७८ च्या, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघालं, सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता पाच लाख, २०२४ च्या ऑक्टोबरपासून. आम्हाला सत्तर व्हायला अजून ११ नि १४ वर्षं. पण कार्डासाठी चकरा मारताना एक काम झालं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कळलं. मी समजायची ते पिवळ्या-केशरी रेशन कार्डाचं, आमचं पांढरं. आता पांढऱ्यालाही आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखापर्यंत. यादीतलं हॉस्पिटल पाहिजे आणि यादीतलाच उपचार पाहिजे, तिथल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड नि आधार दाखवायचं. आमच्या दोघांची कार्डं काढून घेतली. पुण्यातल्या आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडं चालेलच असं नाही, पण मेडिक्लेमचा वेटिंग पिरियड, म्हणजे जुन्या आजारांना पैसे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, चालू असताना ह्यांना हार्टचं काही झालं तर रिकाम्या हातानं उभं राहायला नको.

शेवटी घेतली ती अशी. सरकारी कंपनीचा पाच लाखाचा फ्लोटर दोघांत मिळून, शुगरसकट स्वीकारलेला, आधीच्या आजारांना तीन वर्षं वेटिंग (आता कायद्यानं तीनच्या वर नाही, आधी चार होतं). झोन मुद्दाम पुण्याचा घेतला. त्याचे ३,४०० रुपये जास्त लागले, त्यावरून घरात दोन दिवस कुरबुर, मी भाऊजींचा तो कागद फ्रिजवर चिकटवला, कुरबुर बंद. त्याच्यावर वीस लाखाचा सुपर टॉप-अप, वर्षभरातली बिलं मिळून पाच लाखाच्या वर गेली की तो चालू होतो. यात सुपर शब्द बघून घ्या, साधा टॉप-अप एकेक बिल वेगळं धरतो, तीन-तीन लाखाची दोन बिलं झाली तर एक रुपया नाही.

फ्लोटर २८,५००, टॉप-अप ७,९००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४२,९५२. भरले जुलैत. आणि २२ सप्टेंबरला वैयक्तिक हेल्थ इन्शुरन्सवरचा जीएसटी शून्य झाला! ६,५५२ रुपये दोन महिन्यांनी वाचले असते, हे अजून ऐकवतात. पण दोन महिने आधी वेटिंग सुरू झालं ते कुणी मोजत नाही.

जुलैच का, ते सांगायचं राहिलं. धंदेवाल्याचं पैसे येणं वर्षभर सारखं नसतंय. आमचं सगळं शाळा उघडताना, मार्च-एप्रिलला कापडात पैसे अडकलेले, जून-जुलैत थोडंफार सुटतं. फेब्रुवारीत रिन्यूअल आलं असतं तर उसनवारीच करावी लागली असती. तारीख चुकली तर ३० दिवसांची सवड असते, पण वर्षाचा प्रीमियम एकदम भरणाऱ्याला त्या ३० दिवसांत ॲडमिट व्हायची वेळ आली तर काही मिळत नाही, म्हणून आपल्या हातात पैसा कधी असतो ते बघूनच पॉलिसी चालू करावी. साठीनंतर मिळतच नाही म्हणतात ते मात्र खोटं, ६५ ची अट २०२४ च्या एप्रिलपासून गेलीय. साठी ओलांडलेल्यांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांच्या वर वाढवायचा तर कंपनीला इर्डाला विचारावं लागतं, हे २०२५ च्या जानेवारीपासून. ह्यांना साठ लागतील तेव्हा बघू. टॅक्समध्ये ८०डी ची सूट फक्त जुन्या रिजीममध्ये, आमच्या सीएनी आम्हाला नव्यात टाकलंय, त्यामुळं तो विषय संपला.

पॉलिसीचा कागद आल्यावर मी चष्मा लावून बसले. वाचायला ३० दिवस असतात, नाही पटलं तर परत देता येते. आत फॉर्मची कॉपी असते ती बघायची. ह्यांची शुगर बरोबर, आणि माझ्या बीपीसमोर "नाही". मी हो लिहिलेलं! कुणी टाइप केलं काय की. त्याच दिवशी गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो जोडून मेल केला, चार दिवस फोन, मग दुरुस्तीचा कागद आला, तो पॉलिसीलाच स्टेपल करून ठेवलाय. पीडीएफ मुलीकडंही आहे.

अजून क्लेम केला नाही. डिसेंबरात ह्यांच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले पिकला नाही अजून, घाई नाही, सहा महिन्यांनी दाखवत राहा. आमच्या पॉलिसीत मोतीबिंदूला दोन वर्षं वेटिंग. कटिंग जमतं त्यांना, पण हातशिलाईच्या सुईत दोरा जात नाही, मग जिन्यातून हाक येते, आणि मी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन खाली जाते. बटणाच्या दहा-बारा सुया एकदम ओवून उशीला टोचून ठेवते. जुलै २०२७ पर्यंत हे काम माझं.