मामाच्या ट्रंकेतली मासिकं

दिवाळीच्या साफसफाईला मामीकडे भद्रकालीत गेलो होतो, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली तर वर पोथ्या आणि पोथ्यांखाली खाकी कव्हर घातलेला, शाळेच्या वह्यांसारखा दिसणारा गठ्ठा. उघडला तर डेबोनेर, ते पुरुषांचं इंग्रजी मासिक! सत्तरच्या दशकातले अंक, सोबत दोन जुने प्लेबॉय पण, आपल्याकडे बंदी असताना मामाने ते कुठून पैदा केले देव जाणे.

मामी चहा टाकायला गेली आणि मी आधी मधली, नग्न फोटोंची पानंच बघितली, खोटं कशाला बोलू. पण मग तिथेच फरशीवर मांडी घालून तासभर वाचत बसलो, कारण उरलेल्या पानांत काय वाट्टेल ते होतं. एका पानावर राजकारणाची चिरफाड, उलटलं की सूटिंगची जाहिरात, मग कथा, मग चक्क कविता. सत्तरच्या दशकात डेबोनेरचे संपादक पत्रकार विनोद मेहता होते आणि पुढे कवितांचं पान कवयित्री इम्तियाज धारकर बघायच्या, म्हणजे बघा. प्लेबॉयचंही तेच, पहिला अंक डिसेंबर १९५३ चा, मेरिलिन मन्रोवाला, तो सगळ्यांना माहितीये. पण १९५४ च्या मार्च ते मे अंकांत रे ब्रॅडबरीची पुस्तकं जाळणाऱ्या राजवटीवरची 'फॅरनहाइट ४५१' कादंबरी क्रमशः आली होती, हे किती जणांना माहिती असतं?

(आपले र. धों. कर्वे १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' एकहाती चालवलं, कव्हरवर नग्न चित्र आणि आत संततिनियमन, खटलेही झाले, १९३४ च्या खटल्यात बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पुरुषांचं मासिक वगैरे नव्हतं ते, पण कव्हर बघून आतलं ठरवणारे तेव्हाही होतेच.)

गंमत म्हणजे एका अंकातलं पान कात्रीने चौकोनी कापलेलं होतं आणि मधली पानं मात्र शाबूत. मी मामीला भीतभीतच अंक दाखवला. तिने चष्मा वर केला, बघितलं, म्हणाली, "अरे, ती कॅमेऱ्याची जाहिरात होती, मीच कापली. ह्यांना तसला हवा होता ना, दुकानात दाखवायला नेली होती."

"म्हणजे तुला माहिती होतं हे सगळं?"

"कव्हरं कोणी घातली असं वाटतंय तुला?"