५२ हजारांचं जॅकेट आणि बावीस वर्षांची गाडी

बुधवार, रात्री

गणपती गेले तरी पाऊस जायचं नाव घेत नाहीये. ऑफिसातून येताना छत्री उलटी झाली ती झालीच.

जेवायला बसणार तेवढ्यात पुण्याहून एका मुलाचा फोन आला. गाडी देणार का, म्हणून. मी कुठे जाहिरात दिलेली नाही. पार्ल्यात एक जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, रंग मूळचा आहे, कुठे ठोकलेली नाही, असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलेलं दिसतंय. पावणेचार लाख म्हणाला. मी ती २०११ साली एक लाख साठ हजाराला घेतली होती. हिने ताटावरून मान वर करून विचारलं, "त्या डब्याला?"

मग जेवण झाल्यावर वही काढली. हिची वही म्हणजे न्यायालय. विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल, मागच्या वर्षी उंदरांनी वायरिंग कुरतडलं त्याचं बिल, सगळं धरून वर्षाला ६२ हजार. गाडी चालली २,४०० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ २६ रुपये. "काळी-पिवळी एकविसाच्या आत नेते," ही म्हणाली, "आणि ड्रायव्हर त्यांचा."

यावर काय बोलणार! तरी मी एक वाक्य बोललोच आणि फसलो. म्हटलं, वस्तूची किंमत अशी मोजत नसतात. ही उठली, कपाट उघडलं आणि ते करड्या रंगाचं जॅकेट आणून सोफ्यावर टाकलं. २०१६ साली कॅनडातल्या मेव्हण्याकडून मागवलेलं. ५२ हजार. तेव्हा मी ते गिर्यारोहणाची गुंतवणूक म्हणून घरात खपवलं होतं. किती वेळा घातलंस? मी आठवून आठवून तेवीसपर्यंत पोचलो, त्यातले नऊ वेळा बीकेसीतल्या ऑफिसात. तिथे एसी एकवीसवर असतो आणि माझी खुर्ची नेमकी झोताखाली. एकदा घालायचे २,२६० रुपये. आख्ख्या मुंबईत त्या जॅकेटाला मानवेल असं हवामान फक्त आमच्या मजल्यावर आहे, हे माझ्याही आज पहिल्यांदाच लक्षात आलं.

हिने निकाल दिला नाही. वही मिटली आणि झोपायला गेली. हे जास्त वाईट.

शनिवार, रात्री

हट्टाने जॅकेट घेऊन राजमाचीला गेलो. चोविसावी वेळ. पहाटेची कर्जत लोकल, तिथून टमटमने कोंदिवडे, मग कोंढाणे लेण्यांवरून वर. पाऊस असा की दहा पावलांवरचा माणूस नुसता रंगावरून ओळखायचा.

पहिली वीस मिनिटं जॅकेट म्हणजे चमत्कार. कापडावर थेंब पडतो, गोळी होते आणि घरंगळून जाते. टोपीच्या कडेला आत बारीक तार आहे, ती वाकवली की पाणी डोळ्यांवर न येता बाजूने उतरतं. चेनच्या दातांवर रबराचा मुलामा. आतून उलटं करून पाहिलं तर प्रत्येक शिवणीवर बोटाहून अरुंद पट्टी उष्णतेने चिकटवलेली, सुईच्या एकाही भोकाला मोकळीक नाही. हे घेतलं त्या दिवशी बाबांनी ती पट्टी अंगठ्याने चाचपून पाहिली होती. बाबा कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यात होते, पद्मिनीच्या दारांची फिटिंग. दार आणि बॉडी यांच्यामधल्या फटीवरून अंगठा फिरवून ते काम पास-नापास करायचे. माझ्या गाडीचं, जॅकेटाचं, हिच्या नव्या फ्रिजचंसुद्धा परीक्षण त्याच अंगठ्याने झालंय. जॅकेटावर त्यांचा शेरा होता, "काम चोख आहे. पण घालणार कुठे?"

लेण्यांच्या पुढे चढ लागला आणि बाबांचा प्रश्न अंगावर आला. अर्ध्या तासात आतला शर्ट पिळून काढण्याइतका भिजला. पावसाने नाही, घामाने.

यात कारागिराची काही चूक नाही. या असल्या कापडाची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोअर नावाचा माणूस टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या ताणून लांब करायच्या खटपटीत होता. हळूहळू, जपून ओढायचा आणि कांडी तुटायची. शेवटी चिडून त्याने एक हिसडा दिला आणि कांडी तुटायच्या ऐवजी कितीतरी पट लांब झाली. आत सूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं होतं, सत्तर टक्के नुसती हवा. छिद्रं अशी की पाण्याचा थेंब त्यातून शिरू शकत नाही, पण घामाची वाफ निघून जाते. गोअर-टेक्स ते हेच. पुढे इतर कंपन्यांनीही आपापली पटलं काढली, पण युक्ती तीच.

मेख अशी की वाफ आपल्या मर्जीने बाहेर जात नाही. आतल्या हवेत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती सरकते. बाहेर पाच अंशांची कोरडी थंडी असली की हा ओढा जबरदस्त. कोंढाण्याच्या रानात सव्वीस अंश आणि हवा पाण्याने तुडुंब. तिथे तो ओढा जेमतेम निम्मा उरतो, आणि उकाड्यात चढणाऱ्या माझ्या देहातून घाम निघतो दुप्पट. भरीला भर म्हणजे वरच्या कापडाचा पाणी झटकणारा लेप उतरला की कापड पाणी पितं आणि जी काही वाट होती तीही बुजते. (हा लेप धुतल्याने जातो या समजुतीपायी मी सहा वर्षं जॅकेट धुतलंच नाही. खरं तर अंगाच्या तेलाने आणि मळाने तो निकामी होतो. साध्या पातळ डिटर्जंटने धुवून, फॅब्रिक कंडिशनर न घालता, मग थोडी उष्णता दिली की पुष्कळसा परत जागा होतो. सहा वर्षं!)

म्हणजे मी ५२ हजार मोजले ते हिमालयातल्या हवेसाठी. ती हवा किमतीत नव्हती.

उदेवाडीच्या अलीकडे एक आजी गुरं राखत उभ्या होत्या. डोक्यावर इरलं. आता इरलं दिसत नाही, सगळीकडे निळं-काळं प्लास्टिक, म्हणून मी थांबलोच. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे थर, डोक्यापासून पाठीवर कमरेपर्यंत उतरलेलं, आणि पुढून सताड उघडं. आजी वाकून काठी उचलायच्या तेव्हा पाऊस पाठीवरून निसटून जायचा आणि पुढून वारा आत खेळायचा. वाफ बाहेर कशी काढायची हा प्रश्नच नाही, कारण ती कोंडलीच नाही. आजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गरम नाय व्हत?"

"होतं," म्हटलं.

"मंग काढ की."

काढलं. पिशवीत भरलं आणि उरलेली वाट भिजत चढलो. उदेवाडीत पिठलं-भाकरी खाल्ली तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या आणि फार बरं वाटत होतं.

रविवार, दुपार

पहाटे सव्वापाचला जाग आली, पाय आखडलेले. हळूच किल्ली घेतली आणि खाली उतरलो.

हिच्या वहीत न येणारी गोष्ट लिहून ठेवतो.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवल्यापासून उंदीर येत नाहीत (डांबरगोळ्यांना ते हसतात). हायवे रिकामा होता. सी-लिंकवरून सरळ कोस्टल रोड. सरळ रस्त्यावर मर्यादा ८०, बोगद्यात ६०, आणि कॅमेरे आहेत. माझं इंजिन १०६ हॉर्सपॉवर देतं ते मिनिटाला ६,८०० फेऱ्यांना. त्यातली करामत, व्हीटेक म्हणतात ती, अशी की कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे उंचवटे आहेत, एक सावकाश चालीचे आणि एक जोराच्या. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्यांवर चालू लागतात. ही पिन मुंबईत वर्षातून चारदा सरकत असेल. त्या हिशेबाने पाहिलं तर गाडीची आणि जॅकेटाची कथा एकच: ज्यासाठी पैसे मोजले ते या शहरात वापरताच येत नाही.

गेले चार दिवस मीही असंच समजत होतो. आज बोगद्यात ते खोटं ठरलं.

मलबार हिलच्या पोटात शिरताना काच खाली केली आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. काटा साठवर, इंजिन चार हजारांच्या वर. आवाज भिंतींवर आपटून परत आत येतो. स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक जोड तळव्याला कळतो. डॅशबोर्ड इतका खाली की बॉनेटच्या पलीकडचा रस्ता नजरेत राहतो, आणि वजन साधारण एक टन, त्यामुळे मनात आलं की गाडी वळलेली असते. गिअरचा दांडा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मनगट हलतं, खांदा नाही. हे सगळं साठच्या आत. दंड नाही, कुणाला त्रास नाही. मोजून दोनेक मिनिटांचा बोगदा.

आमच्या सोसायटीत एकाकडे साडेतीनशे हॉर्सपॉवरची जर्मन गाडी आहे. एकदा त्याने मला याच रस्त्याने नेलं होतं. गाडी अप्रतिम, आत टाचणी पडली तर ऐकू येईल. पण साठच्या वेगात त्या गाडीत काही घडतच नाही, ती झोपलेली असते. तिला जागं करायला जर्मनीतले रस्ते लागतात. तिची आणि माझ्या जॅकेटाची जात एक. माझी गाडी मात्र इथेच, याच रस्त्यावर, सिग्नल ते सिग्नलसुद्धा जागी असते.

येताना जुहूच्या गतिरोधकावर खालून घासलीच. असो.

रविवार, रात्री

संध्याकाळी भाचा आला. ऑगस्टमध्ये हिमाचलातल्या हामटा पासला गेला होता तेव्हा माझंच जॅकेट नेलं होतं, आणि परत आणून दिल्यावर पहिल्यांदाच निवांत भेटला. विचारलं, कसं काय वागलं?

"मामा, काय सांगू!" म्हणाला. कुल्लूच्या बाजूला दोन दिवस पाऊस, माथ्यावर, म्हणजे ४,२०० मीटरच्याही वर, वारा आणि बर्फाचा भुगा, पलीकडे लाहौलच्या बाजूला उतरलं की एकदम कोरडा डोंगर. आतला शर्ट? कोरडा. चढावर थोडा दमट झाला, थांबल्यावर दहा मिनिटांत सुकला. बरोबरच्या एकाने स्वस्तातला रेनकोट आणला होता, तो आतून भिजून रात्रभर कुडकुडत होता.

तेच जॅकेट. राजमाचीच्या वाटेवर मी त्यात उकडून निघालो आणि तिथे हा पोरगा कोरडा राहिला. ऐकताना मला थोडा मत्सर वाटला आणि थोडा अभिमानही, जणू जॅकेट माझ्याच घरचं पोर होतं आणि परगावी जाऊन पहिलं आलं होतं.

"ठेव तुझ्याकडेच," म्हटलं.

"म्हणजे? कायमचं?"

"वर्षातून एकदा तरी वर जातोस ना तू? मग ठेव. फक्त धूत जा. आणि मुंबईच्या कपाटात वर्षभर घडी करून कोंबू नकोस. या दमट हवेत आतल्या पट्ट्या सुटतात. माझ्या ट्रेकच्या बुटांचे तळवे माळ्यावर ठेवल्या ठेवल्या भुसा होऊन पडले, ते याच हवेने."

बाबा कोपऱ्यात टीव्ही बघत होते. तिकडूनच म्हणाले, "बरं केलंस." मग भाच्याला जवळ बोलावून जॅकेट मागून घेतलं, शिवणीवरच्या पट्टीवरून एकदा अंगठा फिरवला आणि परत दिलं.

हिने वही आणली. ५२ हजारांपुढे एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: भाच्याच्या लग्नातला आहेर वळता. मी हसलो, ही हसली नाही. मग पान उलटून गाडीच्या रकान्याशी थांबली.

"आणि हे?"

मी बोगद्याचं सांगायला लागलो, दुसरा गिअर, भिंतींवरचा आवाज वगैरे. दोन वाक्यांतच कळलं की हे सांगून होणार नाही. "पुढच्या रविवारी चल सोबत," म्हटलं. "पहाटे साडेपाचला."

"साडेपाचला मी कुठेही येत नाही," ही म्हणाली. पण रेघ मारली नाही.

झोपायच्या आधी पुण्याच्या मुलाला मेसेज केला: सध्या देत नाही, मनापासून धन्यवाद. दोन मिनिटांत उत्तर आलं, "काका, मग कधी?"

काका! हिशेब मांडून उत्तर दिलं. पासिंग २०२८ साली संपतंय. नूतनीकरणाची फी २०१८ साली ६०० होती, २०२३ साली ५,००० होती, आता वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० केलीय. तेव्हा आरटीओने नाही म्हटलं किंवा बायकोने रेघ मारली, तर पहिला फोन तुला.

त्याने अंगठा पाठवलाय.