तारे जागेवर, वायू वाऱ्यावर

एनजीसी ४५२२ ही कन्या दीर्घिकासमूहातली, आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसणारी सर्पिल दीर्घिका. त्या दिवशी तिचं दृश्य प्रकाशातलं छायाचित्र उघडलं, तेव्हा तबकडी नीटनेटकी दिसत होती. मग त्यावर व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून मिळालेल्या हायड्रोजनच्या कंटूर रेषा (वायू कुठे किती आहे ते दाखवणाऱ्या) चढवल्या आणि मी बराच वेळ पडद्याकडे बघतच राहिले.

अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींतून ओळखू येतो. एकट्या अणूला अशी लहर सोडायला सरासरी कोटभर वर्षं लागतात, पण दीर्घिकेत अणूच एवढे असतात की संकेत आपल्यापर्यंत पोचतो. एरवी हा वायू ताऱ्यांच्या तबकडीच्याही बराच बाहेरपर्यंत पसरलेला असतो. इथे मात्र तो तबकडीत केंद्रापासून जेमतेम १० हजार प्रकाशवर्षांपर्यंतच उरला होता. एकूण हायड्रोजनपैकी सुमारे ४० टक्के तबकडी सोडून एकाच बाजूला झुकलेला, आणि तारे मात्र जागच्या जागी!

शेजारच्या दीर्घिकेनं ओढलं असतं, तर तारेही विस्कटले असते. फक्त वायूच ढकलला जातो तो वाऱ्यानं. समूहात दीर्घिकांच्या मधली जागा कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूनं भरलेली असते, आणि ही दीर्घिका समूहाच्या सरासरी वेगापेक्षा सेकंदाला सुमारे १२०० किलोमीटर जास्त वेगानं जाते आहे. त्यामुळे समोरून येणाऱ्या या वायूचा तिच्यावर दाब पडतो, आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच हे मांडलं होतं. समीकरण कित्येकदा वापरलं होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी डोळ्यांना दिसला.

मला खरं गुंतवलं ते पुढच्या प्रश्नानं. ही दीर्घिका समूहाच्या केंद्रातल्या एम ८७ या महाकाय दीर्घिकेपासून बरीच दूर आहे. तिथला तप्त वायू स्थिर धरला, तर एवढा मारा व्हायला दाब पुरत नाही. एम ४९ या दुसऱ्या मोठ्या दीर्घिकेभोवतीचा उपसमूह कन्या समूहात शिरतो आहे, त्यामुळे तो वायूच वाहता झाला असावा, हे स्पष्टीकरण मला सर्वात पटतं. म्हणजे परिसर म्हणजे नुसतं केंद्रापासूनचं अंतर नव्हे. तिथे काय घडामोडी चालू आहेत, तेही त्यात आलं.

वर्णपट सांगतात की तिच्या बाहेरच्या तबकडीत नवे तारे जन्मायचं थांबलं ते गेल्या १० कोटी वर्षांच्या आतच. दीर्घिकेच्या मानानं हे अगदी कालपरवाचं. मी माझ्या तक्त्यात अंतराच्या रकान्याशेजारी सापेक्ष वेगाचा रकाना घातला आणि बाकीच्या दीर्घिका पहिल्यापासून तपासायला घेतल्या.