गाभा नळीत अडकला तो दिवस

आठ मिलिमीटर आतला व्यास, एक मिलिमीटर जाडीची भिंत, तोंडाशी बारीक दाते आणि मागे धरायला आडवी मूठ: ट्रेफाइन, म्हणजे हाडाचा गोल गाभा कापून काढणारे हत्यार, कागदावर एवढेच दिसते. शिवाजी उद्यमनगरातील आमच्या कारखान्यात पूर्वी इंजिनांचे सुटे भाग होत असत, आणि लेथवर वाढलेल्या माणसाला अशा नळीचे ड्रॉइंग अवघड वाटत नाही. मलाही वाटले नव्हते. कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात भिंतीला पाठ लावून मी उभा होतो, त्या दिवसापर्यंत तरी नाही.

शस्त्रक्रिया एका तरुण शेतकऱ्यावर होती. उसाच्या ट्रॉलीखाली मोडलेली त्याची नडगी कित्येक महिने झाले तरी जुळत नव्हती. अशा वेळी फटीत त्याच रुग्णाचे जाळीदार हाड भरतात, आणि ते बहुधा कमरेच्या हाडाच्या कडेतून, म्हणजे इलियाक क्रेस्टमधून घेतात. कृत्रिम पर्याय बरेच आले आहेत, तरी रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचे स्थान कायम आहे, कारण नवे हाड घालणाऱ्या जिवंत पेशी, त्यांना कामाला लावणारी प्रथिने आणि त्यांनी धरून वाढावे अशी चौकट या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र मिळतात. म्हणूनच ते काढणाऱ्या हत्याराने पेशी मारता कामा नयेत. स्वीडनमधील एरिक्सन आणि अल्ब्रेक्ट्सन यांनी १९८३ मध्ये सशांच्या हाडांवर दाखवले होते की ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिले तरी हाडाला इजा पोचते. धातू कापताना आपण ज्या उष्णतेकडे लक्षही देत नाही, तिच्यापुढे हे तापमान काहीच नव्हे. मी मोटर न लावता हाताने फिरवायचे ट्रेफाइन केले, त्यामागे हेच कारण होते.

नळी ४२० जातीच्या स्टेनलेस स्टीलची होती. इम्प्लांटसाठी वापरले जाणारे ३१६ एल गंजाला चांगले तोंड देते, पण ते पाणी देऊन कडक होत नाही, त्यामुळे दात्याला धार टिकत नाही. पातळ नळीला हार्डनिंगमध्ये बाक येऊ नये म्हणून आम्ही बरीच खटपट केली होती. चाचणीसाठी मटणाच्या दुकानातून बकऱ्याची खुब्याची हाडे आणून फ्रिजमध्ये ठेवत असू, आणि पकडीत आवळलेल्या त्या हाडांतून सुबक, अखंड गाभे निघत असत. पुढे घडलेल्या प्रकाराचे मूळ त्या फ्रिजमध्ये होते, हे मला फार उशिरा उमगले.

डॉक्टरांनी कडेच्या पुढच्या टोकापासून सुमारे पाच सेंटिमीटर मागे, जिथे हाड सर्वांत जाड असते, तिथे छोटा छेद घेतला. टोकाच्या जवळ जात नाहीत, कारण मांडीच्या बाहेरील बाजूच्या त्वचेला संवेदना देणारी नस तिथून जाते आणि टोक मोडण्याचीही भीती असते. बाहेरचे कठीण कवच दात्यांनी सहज कापले, नळी आत गेली आणि मला समाधान वाटले. मग डॉक्टर थांबले. खोलीच्या खुणा मी लेसरने कोरल्या होत्या, पण चकचकीत पॉलिशवर वरच्या दिव्याचा असा झोत पडत होता की एकही खूण वाचता येत नव्हती. आतली भिंत फोडून नळी पोटाच्या बाजूला जाणे किती धोक्याचे आहे, हे माहीत असलेल्या माणसाला अंदाजाने फिरवावे लागत होते.

त्यांनी नळी किंचित कलती करून गाभा मुळाशी मोडला आणि ती बाहेर घेतली. गाभा काही निघेना. मुठीतल्या बारीक छिद्रातून सळई घालून ढकलावे तसा तो दबत आणि अधिकच घट्ट बसत गेला. थंड हाडातील चरबी गोठलेली असते, त्यामुळे गाभा काठीसारखा ताठ राहतो. जिवंत माणसाचे जाळीदार हाड मात्र उबदार, रक्ताने व मज्जेने भिजलेले आणि मऊ असते. शेवटी त्याचा चुरा झाला. चार-पाच मिनिटे गेली. डॉक्टर मला एक शब्दही बोलले नाहीत; त्यांनी नेहमीची गाऊज (पन्हाळीसारखी छिन्नी) आणि क्युरेट (चमच्यासारखी खरवडणी) मागवली आणि उरलेले हाड त्यांनी काढले. रुग्णाला इजा झाली नाही, पण त्याच्या भुलीतली ती मिनिटे माझ्या ड्रॉइंगमुळे वाया गेली, हे मी विसरलेलो नाही.

नंतर मी उपकरणे धुण्याच्या खोलीत गेलो. तिथल्या सिस्टरांच्या हातात तीच नळी होती.

“साहेब, ब्रश आत जातोय, पण दुसरीकडनं बाहेर येत नाही. आतलं निघालं का नाही, हे मला दिसायचं कसं?”

“निर्जंतुक व्हायला ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशाला तर जाणारच आहे, सिस्टर,” मी म्हणालो.

“वाळलेलं रक्त आत राहिलं तर वाफ त्याच्या खालपर्यंत पोचत नाही. आधी धुतलं गेलंच पाहिजे.”

त्यांचे बरोबर होते, आणि गाभ्याची व ब्रशची अडचण एकच होती हे ऐकताना माझ्या लक्षात आले: ते बारीक छिद्र सोडले तर नळीचा मागचा भाग बंद होता. दुसऱ्या नमुन्यात मी मूठ सुटी केली आणि नळी आरपार उघडी ठेवली. तोंडाशी व्यास आठच ठेवून त्यामागचा आतला व्यास ८.४ मिलिमीटर केला, म्हणजे कापला गेलेला गाभा आत मोकळा राहतो. सळई आता तोंडाकडून घालायची आणि गाभा रुंद बाजूने मागे काढायचा. अस्थिमज्जेच्या तपासणीची जमशिदी सुई याच तत्त्वावर चालते, आणि ते मला आधीच सुचायला हवे होते. पृष्ठभागावर काचेच्या बारीक मण्यांचे ब्लास्टिंग, म्हणजे जोराचा मारा, करून चकाकी घालवली. शिरोलीच्या फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगवर आम्ही वर्षानुवर्षे शॉट ब्लास्टिंग पाहत आलो होतो. त्याचा हा सौम्य प्रकार. नव्या चाचण्याही आता कोमट पाण्यात ठेवलेल्या ताज्या हाडांवर होतात. सिस्टरांनी नवी नळी खिडकीच्या उजेडासमोर धरून आरपार पाहिली आणि काही न बोलता ट्रेमध्ये ठेवली.

पुढे तो शेतकरी तपासणीला आला तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावून घेतले. एक्स-रेमध्ये फट भरत आल्याचे दिसत होते. पाय कसा आहे असे मी विचारले, तर त्याचा हात नडगीकडे न जाता कमरेकडे गेला. मांडी घालून जेवायला बसले की तिथेच दुखते, असे तो म्हणाला. हाड जिथून घेतले तिथले दुखणे मूळ जखमेपेक्षा जास्त दिवस रेंगाळते, हे डॉक्टरांनी पूर्वीही सांगितले होते, पण ते ऐकणे वेगळे आणि त्या माणसाचा हात पाहणे वेगळे. सध्या टेबलावर सहा मिलिमीटरच्या नळीचे ड्रॉइंग आहे. आठचे चार गाभे पुरतात तिथे सहाचे सात लागतील, म्हणजे बाहेरच्या कवचाला लहान छिद्र पाडून त्यातूनच दिशा बदलत सात वेळा आत जावे लागेल. पातळ नळी तेवढा कल सोसेल का, हे पाहण्यासाठी पहिले तीन नमुने हार्डनिंगला गेले आहेत.