९० रुपयांची गोणी, ७२ पायऱ्या

"गोणी ९० रुपयांची. ६६ गोण्यांचे झाले ५,९४०. आणि तुम्ही सांगताय १३,२००. ताई, वरचे सात हजार कसले?"

गुहागर तालुक्यातल्या एका घराच्या ओटीवर बसून काकांनी विचारलं. निवृत्त होऊन मुंबईहून कायमचे गावी आलेले गृहस्थ. प्रश्न रास्त होता. मी कोटेशनमध्ये एकच ओळ लिहिली होती : बागेत आच्छादन घालणे, ६०० चौरस फूट, दर २२ रुपये. आच्छादन म्हणजे ओल टिकावी म्हणून मातीवर पसरायचा थर. पण एवढ्या एका ओळीवर माझाही विश्वास बसला नसता.

म्हटलं, "काका, काम सुरू होईल त्या दिवशी सकाळपासून सोबत थांबा. मग बोलू."

मालाचा हिशेब सोपा असतो. तीन इंच थर म्हणजे पाव फूट. ६०० चौरस फुटांना १५० घनफूट, दीड ब्रास. माझ्या गोणीत अडीच घनफूट मावतं, म्हणून ६० गोण्या. नारळाच्या सोडणाचे, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचे, तुकडे पाणी पडलं की खाली बसतात, त्यासाठी सहा वाढीव. हा माल मी नेहमी मापावर घेते, वजनावर कधीच नाही. सोडण पाणी धरून ठेवतं, त्यासाठीच तर ते बागेत घालायचं. पण भिजलेला माल वजनावर घेतला की आपण पाण्याचे पैसे मोजतो.

पाऊस नुकताच संपला होता. जमिनीत ओल होती, आच्छादनाला हीच वेळ. कातळ एकदा तापला की झाकायला आत काही उरत नाही. आदल्या दिवशी दोघी बायकांनी तण मुळासकट काढून ठेवलं होतं. टेम्पो वर रस्त्यावरच थांबला, कारण घर खाली, समुद्राच्या अंगाला. मध्ये जांभ्याची पाखाडी, ७२ पायऱ्या, अजून शेवाळलेल्या.

काका म्हणाले, "गोण्या उतारावरून सोडून द्या की." एक सोडून बघितली. वळणावर करवंदीच्या जाळीत अडकली, शिवण उसवली आणि अर्धा माल काट्यांत गेला. मग खांद्यावरूनच न्यायचं ठरलं. सुक्या सोडणाच्या गोणीला वजन फार नसतं, पण ती अंगापेक्षा रुंद असते. खांद्यावर घेतली की पुढची पायरी दिसत नाही. शेवाळावर एका वेळी एकच. दोघे गडी वाहणार, तिसरा माझ्याबरोबर पसरणार. म्हणजे एकेकाच्या वाट्याला ३३ फेऱ्या. काका पाखाडीच्या तोंडाशी उभे राहून मोजत होते. कुणी घसरलं की "जपून रे" म्हणायचे.

माझं लक्ष मात्र खाली, हापूसच्या कलमांवर होतं. तीन-तीन वर्षांची चार कलमं. आधीच्या एका कंत्राटदाराने त्यांच्या बुंध्याशी लाकडाच्या भुशाचे शंकू करून ठेवले होते. दिसायला नीटनेटके. पाहणीला आले तेव्हा मी ते वरवर पाहिले, उकरले नाहीत. आता पहिल्या ढिगात हात घातला तर आत ओला, आंबूस वासाचा लगदा. कलमाचा जोड, म्हणजे खुंटाला फांदी जोडलेली जागा, पूर्ण गाडला गेलेला. जोडाखालची साल काळपटलेली, नखाने दाबली की मऊ लागायची. तिच्यावर वाळवीची मातीची नळी, बोटाने फोडली तर आत पांढरी हालचाल.

हे काम कुदळीने होत नाही. साल आधीच मऊ, एक घाव बसला तर झाड गेलं. मी आणि तो गडी, दोघांनी बोटांनी भुसा काढला, जोड मोकळा केला, साल फडक्याने पुसली. चार कलमांना जवळजवळ तीन तास लागले. नवं आच्छादन बुंध्यापासून वीतभर लांब, आळ्याच्या कडेपर्यंत गोल घातलं. या तीन तासांचे पैसे मी मागितले नाहीत. पाहणीच्या दिवशी ढीग उकरून बघणं माझं काम होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकले, इतकी वर्षं हेच करते, तरी ते राहिलं याचं मला फार वाईट वाटलं.

दुपारी चहाला बसलो तेव्हा कागद मागून घेतला आणि काकांना फोड करून दिली. माल ५,९४०. टेम्पो, भरणी धरून, १,८००. तण काढणाऱ्या दोघी १,२००. तीन गडी २,१००. झाले ११,०४०. उरले २,१६० ते माझे : दोनदा येणं, हत्यारं, आणि महिन्याभरात थर कुठे उघडा पडला तर पुन्हा येऊन सारखा करणं. काकांनी कागद बराच वेळ हातात धरला. म्हणाले, "हे आधीच लिहून दिलं असतंत तर?" खरं होतं. तेव्हापासून मी फोड केल्याशिवाय कोटेशन देत नाही.

दगडी गडग्यापलीकडच्या आजी हे सगळं ऐकत होत्या. "माझ्याकडे पातेरा पडलाय ढीगभर. फुकट न्या. नाहीतर शेत भाजायला, भाजावळीला जाईल."

मागच्या बाजूची २०० चौरस फुटांची पट्टी अजून उघडी होती, कोटेशनमध्ये नव्हती. पातेऱ्याला मालाचा खर्च शून्य, टेम्पो नाही, पाखाडी नाही, गडग्याच्या खिंडीतून सरळ आणायचा. पण सुका पाला फसवा. सहा इंच घातला तर थोड्या दिवसांत दोन इंच उरतो, म्हणजे फेऱ्या सोडणापेक्षा जास्त. त्यातल्या काटक्या निवडायच्या, वाऱ्याने उडू नये म्हणून थरावर पाणी मारून वर झावळ्या आडव्या टाकायच्या.

मी नऊ रुपये फूट सांगितलं.

काका क्षणभर थांबले. "त्यात तण काढणं धरलंय ना?"

धरलं होतं.