तुम्ही विचारलंत म्हणून : भयपटाचा दुसरा भाग पाहावा का?

मी जुन्या भयपटांविषयी लिहितो हे ठाऊक असलेली माणसे भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सायको’ पाहिला, ‘द एक्झॉर्सिस्ट’ पाहिला, फार आवडले. आता त्यांचे पुढचे भाग पाहावेत का, की त्यामुळे मूळ चित्रपटांची गोडी जाईल? विचारणाऱ्याच्या स्वरात बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेले असते, की दुसरा भाग म्हणजे निर्मात्याने पुन्हा एकदा गल्ला भरण्यासाठी केलेला उद्योग. हा समज निराधार नाही, परंतु तो सरसकट लावला तर काही फार चांगले चित्रपट पाहायचे राहून जातात, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो.

भयपटाच्या दुसऱ्या भागाची अडचण इतर चित्रपटांच्या दुसऱ्या भागांहून वेगळी असते. विनोदी चित्रपटातले आवडते पात्र पुन्हा भेटले की आनंद होतो. भयपटात मात्र ओळख झाली की भीती ओसरू लागते. त्या घराच्या माडीवर कोण आहे, मुखवट्याआड काय आहे, हे पहिल्या वेळी प्रेक्षकाला ठाऊक नसते आणि सगळा डोलारा त्या न कळण्यावर उभा असतो. दुसऱ्या वेळी तो सगळे जाणूनच तिकीट काढतो. मग पटकथाकार दोनपैकी एक सोपी वाट धरतात: एक तर अधिक रक्त, अधिक खून, अधिक किंकाळ्या; नाहीतर पहिल्या भागात जे मुद्दाम न सांगता सोडले होते त्याचा खुलासा. पहिल्या वाटेने चित्रपट कंटाळवाणा होतो, इतकेच. दुसऱ्या वाटेने होणारे नुकसान मोठे, कारण त्याची झळ मूळ चित्रपटालाही लागते.

जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोवीन’मध्ये (१९७८) मायकेल मायर्स हा मुखवटाधारी खुनी लॉरी नावाच्या मुलीच्या मागे का लागतो, याला सांगण्यासारखे कारणच नाही, आणि म्हणूनच तो आपल्याही खिडकीबाहेर उभा असू शकेल असे वाटत राहते. १९८१ चा दुसरा भाग त्याच रात्री, पुढे इस्पितळात घडतो, आणि तिथे लॉरी ही मायकेलची बहीण असल्याचे उघड होते. पटकथा कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांचीच होती, तेव्हा दोष बाहेरच्या कुणाला देता येत नाही. कारण मिळाले आणि भीती गेली. गावावर आलेले संकट एका कुटुंबाची घरगुती भानगड होऊन बसले. २०१८ मध्ये डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी मधले सगळे भाग बाजूला ठेवून थेट पहिल्या चित्रपटाला जोडणारी कथा केली, तेव्हा ते बहीणभावाचे नाते ही लोकांनी उठवलेली कंडी आहे, असे एका संवादात सांगून टाकावे लागले.

‘जॉज’च्या चौथ्या भागात (१९८७) शार्क एका कुटुंबावर डूख धरून बहामा बेटांपर्यंत जातो. त्याच्या चित्रीकरणामुळे अभिनेते मायकेल केन यांना स्वतःचे ऑस्कर स्वीकारायला जाता आले नाही, आणि त्या चित्रपटाविषयी सांगण्यासारखे एवढेच आहे.

माझ्या मते चांगला दुसरा भाग पहिल्यातल्या माणसांची विचारपूस करायला आलेला असतो. त्या रात्रीनंतर जे वाचले त्यांचे काय झाले, ज्याला आपण राक्षस ठरवून मोकळे झालो त्याचे पुढे काय, हे त्याला खरोखरच जाणून घ्यायचे असते. याचे सर्वांत जुने आणि अजूनही न फिके पडलेले उदाहरण म्हणजे ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३५). ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१९३१) करणाऱ्या जेम्स व्हेल यांनीच तो केला. मेरी शेली यांच्या १८१८ च्या कादंबरीतला राक्षस आपल्या निर्मात्याकडे जोडीदारीण मागतो. पहिल्या चित्रपटात न आलेला तो धागा इथे उचललेला आहे. राक्षस या भागात बोलू लागतो. राक्षसाची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लॉफ यांना स्वतःला हे पसंत नव्हते, पण रानातला अंध संन्यासी व्हायोलिन वाजवून त्याला घरात घेतो, पाव आणि मद्य देतो, ‘मित्र’ हा शब्द शिकवतो, तो प्रसंग पाहिल्यावर कार्लॉफ यांचे म्हणणे मानले गेले नाही हे बरेच झाले असे वाटते. ज्याला दिसत नाही त्यालाच राक्षसाची भीती वाटत नाही, ही गोष्ट व्हेल कुठेही बोलून दाखवत नाहीत. एल्सा लँचेस्टर यांची वधू शेवटची काही मिनिटेच पडद्यावर येते, तिला एकही संवाद नाही, आणि लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या हंसांवरून त्यांनी उचललेला तो फूत्कार ऐकला की राक्षसाला मिळालेला नकार आपल्याला कळतो. चित्रपटात उणे काही नाही असे नाही. ऊना ओकॉनर यांची किंचाळणारी मोलकरीण मला आजही सोसत नाही. तरीही पहिल्या भागापेक्षा दुसरा सरस ठरल्याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

जॉर्ज रोमेरो यांनी वेगळाच मार्ग काढला. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) मधले एकही पात्र ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये (१९७८) नाही, प्रेते उठतात हा नियम तेवढा कायम आहे, आणि एकाकी शेतघराच्या जागी पिट्सबर्गजवळचे मनरोव्हिल येथील भले मोठे खरेदी संकुल आले आहे, जिथे रात्री दुकाने बंद झाल्यावर चित्रीकरण चाले. माणसेच नसतील तर विचारपूस कोणाची, असे कुणी म्हणेल. माझ्या नियमाला हा सरळ अपवाद आहे आणि तो मला मान्य आहे.

मराठीतल्या ‘झपाटलेला’विषयीही हटकून विचारणा होते. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या चित्रपटाचा दुसरा भाग २०१३ मध्ये त्रिमितीत आला, रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याच्या रूपात तात्या विंचू परतला, परंतु लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच आपल्यातून गेले होते. तंत्र सुधारले होते, बाहुला तोच होता. पण भीती आणि विनोदाची ती मिसळण बेर्डे यांच्या घाबरण्यावर चालत होती. घाबरणारा माणूस प्रेक्षकाच्या जिव्हाळ्याचा नसेल, तर घाबरवणाऱ्याचे काही चालत नाही.

‘सायको २’ (१९८३) मी आग्रहाने सुचवतो तो याच जिव्हाळ्यामुळे. मूळ ‘सायको’चे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक १९८० मध्ये वारले, त्याचे संगीतकार बर्नार्ड हरमन त्याआधीच, १९७५ मध्ये. अशा वेळी रिचर्ड फ्रँकलिन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने ‘सायको’ला हात घालणे हा अनेकांना आगाऊपणा वाटला असल्यास नवल नाही. टॉम हॉलंड यांच्या पटकथेत पहिल्या भागातला खुनी नॉर्मन बेट्स बावीस वर्षांनी मनोरुग्णालयातून बरा होऊन घरी येतो, आणि तेव्हा न्हाणीघरात त्याच्या हातून मेलेल्या मेरियनची बहीण लायला (१९६० च्या मूळ चित्रपटातलीच व्हेरा माइल्स) त्याच्या सुटकेविरुद्ध उभी राहते. तिचे काय चुकले, असा प्रश्न आपल्याला पडतो. पण त्याच वेळी एका खानावळीत हाताखाली काम करणारा, कुणाच्याही अध्यात ना मध्यात असा हा पोक्त माणूस पाहून त्याला शांतपणे जगू द्यावे असेही वाटू लागते. त्याला मृत आईच्या नावाने चिठ्ठ्या येतात, फोन येतात. त्या कोण पाठवते आहे, की त्याच्याच डोक्यात पुन्हा काही सुरू झाले आहे, हे कळत नाही, आणि इथे भीतीची दिशाच बदलते: पहिल्या चित्रपटात नॉर्मन पुढे काय करील याची धास्ती होती, इथे लोक नॉर्मनचे काय करतील याची आहे.

नॉर्मन झालेल्या अँथनी पर्किन्स यांचा अभिनय हा या चित्रपटाचा कणा आहे. घरी राहायला आलेल्या तरुणीसाठी सँडविच करताना सुरीचा विषय निघतो आणि त्यांची जीभ अडखळते, तेवढ्या एका अडखळण्यात हसू आणि धसका दोन्ही येते. संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी हरमन यांच्या त्या किंचाळत्या व्हायोलिनांची नक्कल टाळून हळवी, पियानोवरची सुरावट योजली, हा निर्णय मला दिग्दर्शनाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण कोणाकडे सहानुभूतीने पाहायचे हे तीच सुरावट ठरवते. न्हाणीघरातला मूळ प्रसंग कृष्णधवल स्वरूपात सुरुवातीलाच पुन्हा दाखवण्याची गरज नव्हती. ज्याच्याशी तुलना व्हायला नको तोच प्रसंग आधी दाखवून नवा चित्रपट सुरू करणे म्हणजे गायकाने मैफिलीआधी गुरूची ध्वनिमुद्रिका लावण्यासारखे आहे. शेवटच्या टप्प्यातले खूनही त्या काळच्या बाजाराला धरून जास्तच रक्तरंजित आहेत. अगदी शेवट काय होतो ते सांगत नाही. पर्किन्स यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला तिसरा भाग (१९८६) जिज्ञासूंनी पाहावा, इतरांनी सोडला तरी चालेल.

आता ‘द एक्झॉर्सिस्ट’. १९७३ च्या या चित्रपटाला दहा ऑस्कर नामांकने मिळाली होती, आणि दुसरा भाग (१९७७) मूळ दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन किंवा मूळ लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांच्यापैकी कोणाच्याही सहभागाशिवाय तयार झाला. त्याचे दिग्दर्शक जॉन बूरमन यांना पहिला चित्रपट करायला सुचवले गेले होते आणि एका मुलीच्या छळाची ती कथा त्यांनी नाकारली होती. तेव्हा पहिल्याला दिलेले उत्तर म्हणूनच त्यांनी दुसरा केला असे म्हणता येईल. हेतू उदात्त, एनिओ मॉरिकोने यांचे संगीत अप्रतिम, टोळधाडीची दृश्ये विलक्षण. पण दोन माणसांची मने जोडणारे चमकत्या दिव्यांचे संमोहनयंत्र पडद्यावर आले की हसू आवरत नाही. प्रदर्शनानंतर प्रेक्षक खरोखरच हसले, आणि बूरमन यांना घाईने चित्रपटाची नव्याने कापाकापी करावी लागली. खुलासाही इथे भरपूर आहे: सैतानाने झपाटलेली ती मुलगी रीगनच का, त्याला तीच का हवी होती, याचे कारण दिले आहे, आणि ते कारण मिळाल्याने पहिल्या चित्रपटातल्या त्या आईची अगतिकता उगाचच लहान होते.

तिसरा भाग (१९९०) ब्लॅटी यांनी स्वतःच्या ‘लीजन’ या कादंबरीवरून लिहिला आणि दिग्दर्शित केला, आणि दुसऱ्या भागाची त्यात दखलही घेतली नाही. पहिल्या चित्रपटातला पोलीस अधिकारी किंडरमन आणि फादर डायर हे आता म्हातारपणाकडे झुकलेले मित्र आहेत. ते दोघे एकमेकांची थट्टा करतात, चित्रपटाला जातात, आणि आपण त्यांच्यात रमलो आहोत हे लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. जॉर्ज सी. स्कॉट किंडरमनच्या भूमिकेत आहेत. इस्पितळाच्या रिकाम्या बोळातले ते प्रसिद्ध दृश्य, ज्यात कॅमेरा जवळजवळ न हलता लांबून एका परिचारिकेची ये-जा पाहत राहतो, ते ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना मी त्याविषयी याहून अधिक सांगणार नाही. निर्मात्यांना मात्र ‘एक्झॉर्सिस्ट’ नावाच्या चित्रपटात भूत उतरवण्याचा विधी नाही हे पटेना, म्हणून चित्रीकरण संपल्यावर एक नवा पाद्री आणि एक दणदणीत शेवट घुसवला गेला. तो जोड स्पष्ट दिसतो.

ब्लॅटी यांच्या मनातला चित्रपट २०१६ मध्ये ‘लीजन’ या नावाने निघाला, परंतु मूळ फिल्म हरवलेली असल्याने त्यातले बरेच तुकडे जुन्या व्हीएचएस फितींवरून घ्यावे लागले, आणि चित्राचा दर्जा मधूनच कोसळतो. तेव्हा ज्यांनी विचारले त्यांना मी असे सांगतो: आधी चित्रपटगृहात आलेली प्रत पाहा, कारण तो बोळ स्वच्छ चित्रातच पाहायला हवा; आणि मग कोठडीतल्या खुन्याच्या भूमिकेतील ब्रॅड डूरिफ यांची अखंड, मध्ये दुसरा चेहरा न घातलेली लांबलचक स्वगते ऐकण्यासाठी त्या धूसर प्रतीकडे वळा.